गोष्टीची मात्रा

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातील एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंनी बजावले, "या खेपेला तक्ते नकोत, टक्केवारी नको. लोकांना कळेल असे लिहा. एखादी गोष्ट सांगा." सूचना थट्टेने केलेली होती; मी ती मनावर घेतली. बालरोगतज्ज्ञ म्हणून पंचवीसहून अधिक वर्षे काढल्यावर मला असे दिसते, की आमच्या शाखेत औषधांच्या खालोखाल रोज वापरली जाणारी वस्तू म्हणजे गोष्ट. औषधाची मात्रा आम्ही मुलाच्या वजनावरून काढतो, त्याचे दुष्परिणाम पाठ करतो, ते कोणाला देऊ नये हेही शिकतो. गोष्टीच्या बाबतीत यांतले काहीच कोणी शिकवलेले नसते. ती आम्ही अंदाजाने सांगतो आणि त्याहून अधिक अंदाजाने ऐकतो. या लेखात दोन चुका सविस्तर येतील. दोन्ही माझ्याच आहेत. रुग्णांची ओळख पटू नये एवढा तपशील बदलला आहे.

कीर्तन आणि केसपेपर

बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलाला दोन कथापरंपरा विनासायास मिळतात. घरच्या बाजूने कीर्तन आणि गावाच्या बाजूने आख्यान. सतराव्या शतकातील आख्यानकवी प्रेमानंद याच शहरातले. तांब्याच्या घागरीवर, म्हणजे माणेवर, अंगठ्या घातलेल्या बोटांनी ताल धरून आख्यान लावणारे माणभट्ट ही गुजरातेची खास देणगी आहे. प्रेमानंदांचे 'ओखाहरण' चैत्रात गुजराती घरांतून अजूनही वाचले-गायले जाते. शेजारच्या घरी ओखाहरण आणि देवळात बुवांचे कीर्तन, अशा दोन्ही ठिकाणी आम्ही मुले प्रसादाच्या आशेने बसत असू. ऐकलेल्यापैकी तत्त्वज्ञान एका कानाने जाई. कोणी कोणाला काय म्हटले आणि मग काय झाले, हे मात्र पक्के लक्षात राही.

नारदीय कीर्तनाचा आराखडा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग निरूपणाला घेतात, दृष्टान्त देत त्याचा अर्थ उलगडतात. मध्यंतरात बुक्का लागतो, हार होतात. उत्तररंगात आख्यान येते आणि पूर्वरंगात जे सिद्धान्त म्हणून सांगितले ते माणसांच्या आयुष्यात घडताना दिसते. अखेरीस बुवा पुन्हा मूळ अभंगावर येतात. आमच्या ओपीडीतले कीर्तन बहुधा पूर्वरंगातच संपते. 'ताप हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. विषाणूंवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. तीन दिवस वाट पाहा.' आई मान डोलावते, घरी जाते आणि शेजारणीने सांगितलेली गोष्ट ऐकून सायंकाळी दुसऱ्या दवाखान्यात जाते. शेजारणीकडे उत्तररंग असतो.

सांगण्याकडे मी नंतर येतो. आधी ऐकणे, कारण माझी पहिली चूक तिथली आहे.

उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतील हकीकत. फेब्रुवारीचा शेवट होता. वीस महिन्यांचा मुलगा, ताप आणि खोकला. बाहेर चाळीसएक मुले बसलेली. आई गुजराती, हळू आवाजात बोलणारी. काय होते आहे असे विचारल्यावर तिने सुरुवात केली, "साहेब, उत्तरायणने दिवसे अमे बधा धाबा पर हता…" मी तिला तिथेच थांबवले. उत्तरायण होऊन सहा आठवडे लोटले होते. "ते राहू द्या बेन. ताप कधीपासून?" ती म्हणाली, "त्रण दिवसथी." मग मी विचारत गेलो आणि ती एकेका शब्दात उत्तरे देत गेली.

उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात श्वासाचा आवाज कमी होता, एक्स-रेमध्ये तिथेच डाग होता. न्यूमोनियाचे निदान केले, औषध दिले, मूल आठवड्यात खेळू लागले. मार्चच्या मध्यात तेच पुन्हा, त्याच जागी. या वेळी दाखल करून शिरेतून औषध दिले. पुन्हा सुधारणा झाली. मार्च संपताना तिसऱ्यांदा. क्षयाची शंका घेऊन मी तपासण्या सुरू केल्या. मला त्या वेळी जाणवले नाही, पण आज स्पष्ट आठवते, की तोवर त्या बाईंनी आपणहून बोलणे पूर्ण बंद केले होते.

माझ्याकडे तेव्हा एक नवी शिकाऊ डॉक्टर मुलगी येत असे. तिला हिस्टरी लिहून काढायला सांगितली होती आणि तिच्याजवळ वेळच वेळ होता. तिने पलंगाशेजारी स्टूल ओढले आणि म्हटले, "अगदी पहिल्यापासून सांगा." बाई पुन्हा गच्चीवर गेल्या. पतंग चालले होते. मुलगा काकाच्या कडेवर होता, तोंडात चिक्कीचा तुकडा होता. काकाने कोणाचा तरी पतंग कापला, सगळी गच्ची 'काइपो छे!' म्हणून ओरडली आणि मूल दचकले. ठसका लागला, क्षणभर ओठ निळे पडले, काकाने पाठीत थोपटले, मूल रडले आणि शांत झाले. खोकला त्या दिवसापासून होता. ताप नंतर येऊ लागला.

ब्रॉन्कोस्कोपीत उजव्या खालच्या श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा निघाला. मूल बरे झाले. एक्स-रे पूर्ण स्वच्छ व्हायला मात्र आणखी काही महिने गेले. त्या आईने मला एक शब्दही लावून बोलून दाखवला नाही. तिच्या पहिल्या वाक्यातच निदान होते आणि ते वाक्य मी पुरे होऊ दिले नव्हते.

पुढे वाचनात आले, की या रोगाची लागण फक्त मला नव्हती. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून डॉक्टरने त्याला अडवेपर्यंत सरासरी १८ सेकंद गेले होते, आणि ७४ पैकी अवघ्या १७ रुग्णांना सुरुवातीचे निवेदन पुरे करता आले होते. 'बोलू दिले तर लोक थांबतच नाहीत' ही आपली नेहमीची सबब असते. स्वित्झर्लंडमधील एका बाह्यरुग्ण विभागात २००२ साली तीही तपासली गेली. डॉक्टरांनी मध्ये न बोलण्याचे ठरवले आणि रुग्ण किती वेळ बोलतात ते मोजले. ३३५ रुग्णांची सरासरी भरली ९२ सेकंद. दीड मिनिट! माझे अर्धा शेंगदाण्याचे निदान दीड मिनिटात झाले असते. मला एक महिना लागला.

आपण हिस्टरी 'घेतो' असे म्हणतो. हा शब्दच फसवा आहे. ती समोरच्याने द्यायची असते, आणि देणारा आपल्या क्रमाने देतो. आई काळाच्या क्रमाने सांगत नाही. जे तिला सर्वांत टोचले आहे तिथून ती सुरू करते. म्हणून ती जिथून सुरू करते ती जागाच पुष्कळदा निदानाची खूण असते. आजी सुरू करतात ती जागा वेगळी असते, आणि वडील बहुधा मागच्या डॉक्टरच्या बिलापासून सुरू करतात. असो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रिटा कॅरन यांनी या ऐकण्यालाच अभ्यासविषय बनवले. त्या वैद्यकातल्या, आणि इंग्रजी साहित्यात पीएच.डी. केलेल्या. २००१ साली त्यांचा 'नॅरेटिव्ह मेडिसिन' या संकल्पनेवरील लेख प्रसिद्ध झाला आणि पुढे ती एक शाखाच झाली. विद्यार्थ्यांकडून त्या एक 'समांतर नोंद' लिहून घेतात. केसपेपरवर जे लिहिता येत नाही, पण रुग्णाबाबत जे मनात राहते, ते साध्या भाषेत वेगळ्या कागदावर लिहायचे. आपल्याकडे डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील स्त्रियांचे बोलणे ज्या कानांनी ऐकले आणि 'कानोसा'त मांडले, ते वाचल्यावर मला वाटले, की या शाखेसाठी आपल्याला फार लांब पाहण्याची गरज नव्हती. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आठवड्यातून एक अशी नोंद लिहायला सांगतो. पहिल्या महिन्यात ती नोंद केसपेपरसारखीच असते. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी लिहिते, 'मुलाला तपासताना वडील सतत घड्याळ पाहत होते. विचारल्यावर कळले, की रजा मिळालेली नाही आणि पाळी दोनची आहे.' दिवसातून चार वेळा द्यायचे औषध त्या घरात का दिले गेले नाही, याचे उत्तर त्या एका ओळीत असते.

गळकी घागर

आता सांगण्याविषयी. चांगली गोष्ट कशी काम करते याचे माझ्यापुरते सर्वोत्तम उदाहरण जुलाबाचे आहे. आई तक्रार करते, "पावडरचे पाणी दिले, तरी जुलाब थांबले नाहीत." तिची अपेक्षा औषधाची असते; आणि ओआरएस जुलाब थांबवतच नाही. हे वाक्य पूर्वरंगात सांगितले की ती पावडर बाजूला ठेवते. म्हणून मी घागर आणतो. घागरीला तळाशी चीर पडली आहे, दुरुस्त करणारा तीन-चार दिवसांनी येणार आहे. तोवर घागर रिकामी पडू द्यायची नसेल तर काय कराल? प्रत्येक आई एकच उत्तर देते, "वरून भरत राहीन." "जेवढे गळेल तेवढे?" "तेवढेच." बस. यापुढे मला फार काही सांगावे लागत नाही. ही गोष्ट चांगली का, तर ती खरी आहे, तिचा शेवट आजाराच्या शेवटाशी जुळतो, आणि निष्कर्ष मी काढत नाही, आई काढते. जुलाब थांबल्यावरही झिंक चौदा दिवस का द्यायचे, हे मात्र घागरीतून आपोआप निघत नाही. तिथे मी दुरुस्तीनंतरचे लिंपण ओले असल्याचे सांगतो. पण ती जोडकाम केलेली गोष्ट आहे आणि तेवढीच लागू पडते.

डॉक्टर आणि परिचारिकांना शिकवताना मी घागरीऐवजी खरी हकीकत सांगतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या कलकत्त्यात भरवून आणल्या, पाणी पिंपांत कालवले आणि पाजण्याचे काम आया-बापांवर सोपवले. तोंडाने पाणी देऊन पटकी आटोक्यात येते यावर तेव्हाच्या वैद्यकविश्वाचा विश्वास नव्हता. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. सोडियम आणि ग्लुकोज आतड्यातून जोडीने शोषले जातात ही शरीरक्रिया विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतात. पिंपे आणि नळ विसरत नाहीत.

पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत जाऊन बायकांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. चिमटीभर मीठ, मूठभर गूळ. त्या योजनेतली मला सर्वांत आवडणारी बाब अशी, की शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदला तिने किती सांगितले यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरे कोणी त्या घरी जाई, आईच्या किती लक्षात राहिले आहे आणि तिने केलेले पाणी बरोबर आहे का ते पाही आणि त्यावर मोबदला ठरे. हा नियम आपल्या ओपीडीला लावला तर आपल्यापैकी कितीजणांना घरभाडे परवडेल, हा विचार मी अनेकदा केला आहे.

झोपलेले कामगार

दुसरी चूक सांगण्यातली, आणि ती अधिक महागात पडली असती.

आठ वर्षांची मुलगी. मराठी घर, आजी, आई-वडील, धाकटा भाऊ. तहान, वारंवार लघवी, वजनात घट. रक्तातील साखर चारशेच्या वर. पहिल्या प्रकारचा मधुमेह. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "मला रोज सुई का?" मी पलंगावर बसून गोष्ट रचली. पोटात मागच्या बाजूला एक छोटा कारखाना आहे. तिथले कामगार किल्ल्या बनवतात. साखर घरोघरी जायला निघते, पण दाराला किल्ली लागल्याशिवाय आत शिरता येत नाही. तुझ्या कारखान्यातले कामगार झोपले आहेत, म्हणून आपण किल्ल्या बाहेरून आणून देतो. मुलगी खूश झाली. तिने चित्र काढले. घोंगडी पांघरून ओळीने झोपलेले कामगार. आजींना गोष्ट तिच्याहून आवडली. मीही त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो.

दीड-दोन महिन्यांनी त्या मुलीची इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरली. आपल्याला हे परिचित आहे. उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या थोड्या पेशी काही काळ पुन्हा काम करतात, त्याला 'हनिमून काळ' म्हणतात. मी मात्रा एक तृतीयांशावर आणली आणि आईला सांगितले, की ही सुधारणा तात्पुरती आहे, इन्सुलिन बंद करायचे नाही. हे मी शास्त्रीय भाषेत सांगितले. गोष्ट आधीच घरात होती आणि तिच्यापुढे माझ्या शास्त्रीय भाषेला किंमत नव्हती. आजी म्हणाल्या, "कामगार उठले." घरी सत्यनारायण झाला. सुया बंद झाल्या.

अकराव्या रात्री दोन वाजता फोन आला. मुलगी आणली तेव्हा खोल, जोरजोराने श्वास घेत होती, अर्धवट शुद्धीत होती. कीटोॲसिडोसिस. तीन दिवस अतिदक्षता विभागात गेले. तिसऱ्या दिवशी ती धोक्याबाहेर आल्यावर वडील मला जिन्यात भेटले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होता ना, कामगार झोपलेत म्हणून?"

झोपलेला माणूस उठतो. हे मी सांगितले नव्हते; पण 'झोपले' या शब्दात ते होते आणि ऐकणाऱ्यांनी ते बरोबर काढून घेतले. दोष त्यांच्या आकलनात नव्हता. रूपक निवडताना त्यातून काय दिसेल एवढेच मी पाहिले होते. त्याचा शेवट कुठे जाईल हे पाहिले नव्हते. तेव्हापासून कोणतीही गोष्ट दवाखान्यात सांगण्यापूर्वी मी ती मनाशी शेवटपर्यंत नेऊन पाहतो. महिन्याभराने, वर्षाने, आजार वाढल्यावर, आजार बरा झाल्यावर ती गोष्ट काय सांगेल? तात्पुरत्या आजाराला तात्पुरते रूपक, कायमच्याला कायमचे. फिट आलेल्या मुलाच्या मेंदूला 'शॉर्टसर्किट' म्हणणारे आपण बरेच आहोत. घरातले शॉर्टसर्किट आग लावते हे त्या रात्री न झोपणाऱ्या आईला आठवते.

त्या मुलीला मी वॉर्डातच सांगितले, की माझी गोष्ट चुकली होती. कामगार झोपलेले नाहीत, काम सोडून गेले आहेत आणि परत येणार नाहीत. जाताना एक-दोघे काही दिवस रेंगाळले, म्हणून किल्ल्या कमी लागत होत्या. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कारखान्याची शेठाणी आता मीच." ही गोष्ट माझी नव्हे, तिची आहे, आणि नव्याने निदान झालेल्या प्रत्येक मुलाला मी तीच सांगतो. शेठाणी आज नोकरी करते आणि आपली मात्रा आपण ठरवते.

लहान श्रोता

गोष्टीचे शास्त्र गुजरातेत शंभर वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे, आणि त्यात एका मराठी बाईंचा हात आहे. वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवीत. त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक गोंगाट करणाऱ्या चौथीच्या वर्गाला आधी शिकवत नाही, गोष्ट सांगतो. ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी आणि कोसबाडला गेल्या. सांगणाऱ्याला स्वतःला जी गोष्ट आवडत नाही ती त्याने सांगू नये, हे मी या परंपरेतून शिकलो. मुलाला आपला कंटाळा ताबडतोब कळतो.

दवाखान्यात लहान मुलाला सांगितली जाणारी सर्वांत छोटी गोष्ट म्हणजे "दुखणार नाही." ती खोटी असते, आणि सुई टोचताच उघडी पडते. त्यानंतर आपले कोणतेच वाक्य त्या मुलाला खरे वाटत नाही. "मुंगी चावल्यासारखे होईल, आपण पाच मोजू, मग संपले" ही गोष्ट पाच अंकांत खरी ठरते आणि पुढच्या लसीला मूल स्वतः मोजू लागते. याउलट पालकांची आवडती गोष्ट आहेच: "मस्ती केलीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील." आपल्या घरांतून बागुलबुवा गेला आणि त्या रिकाम्या जागेवर आमची नेमणूक झाली. पालकांना माझी विनंती आहे, की हे पद कृपया रद्द करावे.

मोबाईलमधली गोष्ट

१९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा एक लेख आला. मुले फक्त बारा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध त्यातून सुचवला गेला. २०१० साली लेख मागे घेतला गेला आणि वेकफील्ड यांचे नाव ब्रिटिश वैद्यक नोंदणीतून काढले गेले. २०१९ साली डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. तरीही गेल्याच महिन्यात एका सुशिक्षित आईने मला त्याविषयी विचारले. साडेसहा लाख मुलांना चेहरा नसतो. बाराजणांच्या आयांनी गोष्टी सांगितल्या होत्या.

गुजरातेत २०१८ साली गोवर-रुबेला मोहीम झाली, तेव्हा मोबाईलवर एक ध्वनिफीत फिरत होती. रडवेल्या आवाजातली बाई, कोणत्यातरी शाळेतले कोणतेतरी मूल, लस, आणि मग भलतेच काही. गावाचे नाव नव्हते, तारीख नव्हती. त्यामुळे ती सर्वच गावांची झाली. आम्ही उत्तरादाखल दोन पानी पत्रक काढले. निर्दोष पत्रक होते. कोणी वाचले नाही. मग मी तीन मिनिटे बोललो. निवासी डॉक्टर असताना पाहिलेल्या एका मुलाची हकीकत सांगितली. तान्हेपणी त्याला गोवर आला आणि बरा झाला; सात-आठ वर्षांनी अक्षर बिघडू लागले, हातातून वस्तू पडू लागल्या, झटके येऊ लागले. गोवराचा विषाणू मेंदूत दबून राहिल्याने हे होते आणि त्यावर तेव्हा उपाय नव्हता, आजही खात्रीचा नाही. नाव, गाव, वर्ष सांगितले नाही. 'म्हणून लस घ्या' असेही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या दोन शिक्षिका ती फीत ऐकून शंका विचारायला आल्या. पत्रकावर एकही शंका आली नव्हती.

महिन्याभराने माझाच आवाज मला परत आला. पुढे कोणीतरी एका बलवर्धक चाटणाची जाहिरात जोडली होती. या माध्यमाची ही अडचण आहे. सांगितलेली गोष्ट परत बोलावता येत नाही आणि कीर्तनासारखा समोर श्रोता नसतो, की भलताच अर्थ लागलेला चेहरा पाहून बुवांना वाक्य फिरवता यावे. म्हणून मी आता ध्वनिफितीच्या सुरुवातीलाच आणि शेवटीही माझे नाव व तारीख सांगतो.

तरुण व्यवसायबंधूंसाठी एक गोष्ट आग्रहाने. दवाखान्यातल्या मुलांच्या चित्रफिती करून टाकण्याची हल्ली हौस आहे. २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाच्या परवानगीशिवाय, ओळख पटेल अशा रीतीने छायाचित्र वा हकीकत प्रसिद्ध करण्यास स्पष्ट मनाई आहे. परवानगी पालकांनी दिली तरी गोष्ट मुलाची असते आणि ते पंधरा वर्षांचे झाल्यावर ती चित्रफीत त्याच्या वर्गातली मुले पाहतील, एवढा हिशेब करावा. या लेखातल्या शेठाणीने आपली गोष्ट छापायला संमती दिली आहे. कारखान्याचे चित्र मात्र दिले नाही. ते तिच्याकडेच आहे.

आपल्या गावात उत्तरायण जवळ आले की मी प्रत्येक आईला गच्चीवरची गोष्ट सांगतो आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिक्की वा अख्खा शेंगदाणा देऊ नये हे तिच्याकडूनच वदवून घेतो. गेल्या जानेवारीत एक मराठी आजी नातीला घेऊन आल्या. खोकला होता. कधीपासून असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्याचं असं झालं डॉक्टर, आमच्या सुनेच्या माहेरी लग्न होतं." बाहेर तीसएक मुले होती. मी पेन खाली ठेवले. लग्न झाले, जेवणावळ झाली, परतीच्या बसची खिडकी बंद होत नव्हती, नातीने स्वेटर काढून टाकला. मी नातीला नीट तपासले. या गोष्टीत शेंगदाणा नव्हता. साधी सर्दी होती. वाफ, भरपूर पाणी आणि धोक्याची लक्षणे कोणती एवढे सांगून झाल्यावर आजी उठल्या आणि दारापाशी थांबून म्हणाल्या, "लग्नात काय गोंधळ झाला ते राहिलंच की. पुढच्या खेपेला सांगते."